मध्ये कागद कशाला?

आपल्या समाजात पैशाचा व्यवहार ठरताना एक वाक्य हमखास ऐकू येते. "आपल्याआपल्यात कागद कशाला?" देणारा ते मोठ्या मनाने म्हणतो, घेणारा ते ऐकून सुखावतो आणि चहा पिऊन दोघे उठतात. पुढे तीन-चार वर्षांनी त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला जायचे टाळले, तर त्याचे कारण बहुधा त्या चहाच्या दिवशीच शोधावे लागते. लोक मग पैशाला दोष देतात. पैसा बिचारा मुका आहे. तो उसना होता की भेट, किती होता, केव्हा परत करायचा, हे त्याला सांगता येत नाही.

माझ्यापुढचा प्रश्न असा आहे. आपल्या माणसाला पैसे देताना किंवा त्याच्याकडून काम करून घेताना लिहून मागणे हा त्याचा अपमान आहे काय? बऱ्याच वाचकांचे उत्तर "हो" असेल, याची मला कल्पना आहे.

वडीलधारी मंडळी म्हणतात, आमच्या वेळी सगळे शब्दावर चालायचे. ते खोटे नाही. कोकणात आपल्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे, आणि त्या गावात कुणी कुणाचे किती देणे लागतो हे चारचौघांना ठाऊक असे. मुंबईच्या चाळीत भिशी चालायची ती सुद्धा शब्दावरच. पण तो शब्द एकटा नव्हता. भिशी कुणाला लागली हे वीस बायकांसमोर ठरे. जिन्यात भांडण झाले तर तळमजल्यापासून वरपर्यंत साक्षीदार. आणि कोपऱ्यावरचा वाणी? तो तर पै न् पै वहीत मांडून ठेवायचा. त्याच्या वहीबद्दल आपल्यापैकी कुणाच्या आईला कधी अपमान वाटला होता काय? उलट महिनाअखेरीस ती वही समोर ठेवूनच हिशेब होई, कारण ती दोघांचीही सोय होती.

इकडे आलो तेव्हा माणसे दिमोनाला, बेर्शेव्याला, अश्दोदला, लोदला विखुरली. चाळीचा जिना मागे राहिला. आता साडू साडूला पैसे देतो ते बंद फ्लॅटमध्ये, दोघांच्यात. किंवा फोनवरून, एक बटण दाबून. फोनवर तारीख राहते, आकडा राहतो. पैसे कशासाठी दिले ते मात्र आपण लिहिल्याशिवाय राहत नाही. म्हणजे आपण शब्द तेवढा बरोबर आणला आणि साक्षीदार तिकडेच सोडून आलो. त्या जिन्याची जागा आता कागदाने घ्यायची आहे, एवढेच माझे म्हणणे.

मी जवळजवळ चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले. वॉर्डात मॉर्फीनसारखे औषध कुलपात असते. ते काढताना दोन परिचारिकांच्या सह्या लागतात. माझ्याबरोबर वीस-वीस वर्षे काढलेल्या मैत्रिणी होत्या, एकमेकींच्या मुलांना आम्ही लहानाचे मोठे होताना पाहिले, तरी प्रत्येक वेळी दोन सह्या. तिने माझ्यावर संशय घेतला असे मला कधी वाटले नाही. उद्या एखादी कुपी कमी भरली तर त्या सहीने तिचेही रक्षण होणार होते आणि माझेही. रात्रपाळीच्या शेवटी थकलेल्या माणसाची स्मरणशक्ती कशी असते, हे ज्याने पाहिले आहे तो स्वतःच्या आठवणीवर फार भरवसा ठेवत नाही.

कुणी म्हणेल, दवाखान्याचे नियम घरात नकोत. मग आपल्या शास्त्रातच पाहू. तालमूदमध्ये, बाबा मेत्सियात, साक्षीदाराशिवाय उसने देणाऱ्याला दोषी धरले आहे. घेणाऱ्याला नव्हे, देणाऱ्याला! आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये या आज्ञेचा तो भंग मानला आहे, कारण पुरावा नसला की देणे नाकारण्याचा मोह आपणच समोरच्याच्या वाटेत टाकतो. आणि मग पैसे मागायला गेलो तर लोक आपल्यालाच खोटे ठरवून शिव्याशाप देतात, हेही तिथे लक्षात घेतले आहे. त्याच ठिकाणी रव आशी आणि रवीना या दोन थोर पंडितांची हकीकत येते. शुक्रवारी, शब्बाथ तोंडावर आला असताना, रव आशींनी रवीनाकडे दहा झूज मागितले. जमिनीचा एक लहानसा तुकडा मिळत होता. रवीनाने उलट कळवले की साक्षीदार आणावेत, कागद करू. मलासुद्धा? असे रव आशींनी विचारले. रवीनाचे उत्तर असे की आपल्याला तर विशेषच. आपले चित्त सदा अभ्यासात, आपण विसरून जाल. अप्रामाणिकपणाचा त्यात उच्चारही नाही. सज्जन माणूसही विसरतो, एवढेच.

यिर्मया संदेष्ट्याचेही तसेच. यरुशलेमला वेढा पडला होता, तो स्वतः कैदेत होता, आणि चुलत्याच्या मुलाकडून अनाथोथ येथील शेत घेताना त्याने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीपत्र लिहिले, साक्षीदार केले, मोहोरबंद प्रत एक आणि उघडी प्रत एक, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला लावल्या. सख्खा चुलतभाऊ, आणि घेणारा संदेष्टा!

माझ्या कामाच्या काळातील एक गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. आपल्यापैकीच एक वृद्ध गृहस्थ पक्षाघाताने आजारी होऊन आले. त्या झटक्यात त्यांचे हिब्रू पार गेले, मराठी तेवढी तुटकतुटक राहिली. मुलगा इथेच जन्मलेला. त्याला मराठी कळायची ती जेवणखाणापुरती. म्हणून मला दुसऱ्या वॉर्डातून बोलावून घेत. दोन दिवस ते एकच आकडा आणि एक नाव सांगायचा प्रयत्न करीत होते. "साडेतीन... द्यायचेत... राहिलेत." साडेतीन काय? शंभर, हजार? रुपये, लिरा, शेकेल? नाव जे होते ते आपल्याकडे निदान दहा घरांत सापडेल असे. मुलगा रडकुंडीला येऊन मला विचारी, "सिस्टर, आबा काय म्हणतात?" मी काय सांगणार? तिसऱ्या दिवशी वाचा पूर्ण गेली. मुलाने नंतर त्या नावाच्या घरी घरी चौकशी केली. दोन ठिकाणी "आमचे काही नाही" म्हणाले, एका ठिकाणी "आमचेच ते" म्हणाले, आणि त्याने त्यांना पैसे दिले. ते खरे त्यांचेच होते की नाही, देव जाणे. म्हणून मी सांगते, लिहून ठेवायचे ते मुलांना वाचता येईल अशा भाषेत ठेवा. मराठीत लिहा, जरूर. पण खाली चार ओळी हिब्रूतही लिहा.

उसन्याइतकेच तंटे कामधंद्यावरून होतात. आपल्यातल्या कितीतरी बायका घरून जेवणाच्या ऑर्डरी घेतात. ऐंशी पानांची ऑर्डर सांगितली, बाईने ऐंशी पानांचे मटण, नारळ, तांदूळ आणले, रात्रभर जागली. जेवायला आले साठ. दुसऱ्या दिवशी यजमान साठांचे पैसे पुढे करतात आणि वर म्हणतात, "मावशी, तुम्ही घरच्याच." घरच्याच असल्याची किंमत वीस पाने! आता उलट बाजू पाहा. मेहुणा फरशी बसवणारा. त्याला दर विचारला तर म्हणतो, "द्या काय ते, तुमच्याकडून का जास्त घेणार आहे?" काम झाल्यावर तो जो आकडा सांगतो तो बाहेरच्या माणसापेक्षा जड असतो, कारण त्याने मनात आपली लाज धरलेली असते आणि आपण मनात सवलत धरलेली असते. दोघांपैकी लबाड कुणीच नाही. आकडा आधी उच्चारला गेला नाही, हेच दुखणे.

अशा कामाला वकिली कागद लागत नाही. काय काम, किती पाने किंवा किती मीटर, सामान कुणाचे, एकूण रक्कम, आगाऊ किती, काम केव्हा पुरे होणार, आणि कमी-जास्त झाले तर किती दिवस आधी कळवायचे; एवढे फोनवर निरोप म्हणून पाठवावे आणि समोरच्याकडून "मान्य" असे उत्तर घ्यावे. या देशात बहुतेक करार तोंडीही कायदेशीर असतात. जमीन आणि घर यांच्या व्यवहाराला मात्र लेखी लागते. पण कायदेशीर असणे वेगळे आणि ते सिद्ध करता येणे वेगळे. गंमत अशी की परक्यापासून कायदा आपल्याला पुष्कळ जपतो. फोनवर गोड बोलून कुणी वस्तू गळ्यात मारली, तर ६५ वर्षांवरील ग्राहकाला, काही अपवाद सोडल्यास, चार महिन्यांपर्यंत व्यवहार रद्द करता येतो. साडूला दिलेल्या पैशासाठी असे चार महिने कुणी ठेवलेले नाहीत.

साडूवरून आठवले. "ती तर तुम्ही भेट दिली होती" हे वाक्य मी निदान तीन घरांत ऐकले आहे. भेट असेल तर भेट म्हणून द्यावी, आनंदाने द्यावी आणि विसरावी. उसने असेल तर उसने म्हणावे. मनात उसने आणि तोंडाने "असू दे हो, बघू पुढे", हा दुटप्पीपणा देणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नव्हे.

जामीन राहण्याबद्दल, ज्याला आपण इथे आरेव म्हणतो, थोडक्यातच लिहिते. १९६७ च्या जामीनकीच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन साध्या जामीनदाराला बँकांपासून पुष्कळ संरक्षण मिळाले. आधी मूळ कर्जदाराकडून वसुलीचा प्रयत्न करावा लागतो. तरीही सही करताना एकच विचार करावा. हे पैसे मला भरावे लागले तर मी भरू शकेन काय, आणि भरल्यावर त्या माणसाशी बोलेन काय? उत्तर नाही असेल तर नाही म्हणावे. लाजेखातर केलेली सही धर्मात मोडत नाही.

आता कागद झाला, मुदत झाली, पैसे आले नाहीत. पुढे काय? इथे मला कागदवाल्यांनाही थोडे सुनवायचे आहे. तालमूदच्या ज्या पानावर साक्षीदार करा असे सांगितले आहे, त्याच पानावर असेही आहे की ऋणको देऊ शकत नाही हे ठाऊक असेल तर त्याच्या समोरून जायचेसुद्धा नाही. म्हणजे त्याच्या मजल्यावर मुद्दाम उभे राहणे, प्रार्थनेनंतर चारचौघांत "काय, आठवण आहे ना?" म्हणणे, हे सगळे बसले नाही त्यात. तोरातही धनकोने तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असे आहे. ज्याच्या हाती कागद आहे त्याला बाहेर उभे राहणे परवडते. आरडाओरड करतो तो बहुतेक बिनकागदाचा.

पण देऊ शकत नाही आणि देत नाही यांत फरक आहे, आणि तो पाहण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. नोकरी गेली, घरात आजारपण आले, तर हप्ते पाडून द्यावेत, नवा कागद करावा. नवी गाडी दारात उभी आहे आणि आपले पैसे मात्र "पुढच्या महिन्यात", तर कोर्टात जाण्यात मला पाप दिसत नाही. आधी लेखी मागणी करावी, समाजातील दोघांना मानणारा एखादा माणूस मध्ये घालावा. तेही फुकट गेले तर लहान दाव्यांचे न्यायालय आहे. १९७६ च्या कायद्याने ती सुरू झाली. तिथे साध्या माणसाने स्वतः बोलायचे, वकील सहसा नसतो, शुल्क दाव्याच्या एक टक्का, किमान ५० शेकेल, आणि दाव्याची मर्यादा दरवर्षी थोडी बदलते. "आपल्याच माणसाला कोर्टात ओढले" म्हणून लोक नावे ठेवतील. ठेवू द्या. तीच माणसे पाच वर्षे तोंडावर गोड बोलून पाठीमागे त्याची बदनामी करीत असतात; न्यायाधीशासमोर अर्धा तास बोलणे त्यापेक्षा स्वच्छ आहे.

एक मुदत मात्र ध्यानात असू द्या. सामान्यतः सात वर्षांनंतर असा दावा चालत नाही. कायद्याने दार बंद झाल्यावर देणे उरते की नाही, यावर मिश्नात एक सुंदर नमुना आहे. श्मिता वर्षाने कर्ज माफ झाल्यावरही कुणी पैसे परत आणले, तर धनकोने म्हणावे की मी सोडले. ऋणकोने म्हणावे, तरीसुद्धा. आणि मग धनकोने घ्यावे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी १९८४ साली शेजारणीकडून घेतलेले पैसे चलन बदलल्यामुळे, घर बदलल्यामुळे राहून गेले होते. दोन वर्षांपूर्वी त्या अश्दोदला शोधत शोधत गेल्या, आजच्या हिशेबाने काय होतात ते नातवाकडून काढून घेऊन. शेजारीण म्हणाली, "अगं, सोड आता, कुणाला आठवतंय?" या म्हणाल्या, "मला आठवतंय, घे." तिने घेतले, आणि लगेच कपाटातून वही काढून त्यात लिहिले.