नोंद आणि मौन

बंगळुरातील ज्या वस्तीला आज शिवाजीनगर म्हणतात, ती पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जाई. शहाजीराजांची जहागीर असलेल्या शहराला हे नाव शोभते खरे. परंतु या वस्तीचा लेखी वृत्तान्त शोधायचा तर मोडी दप्तर उपयोगी पडत नाही. तो १८०९ मध्ये वसलेल्या इंग्रजी छावणीच्या कागदांत आहे. मद्रास इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला रवाना होत. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

छावणीतल्या एखाद्या शिपायाचा वंशज त्या चाळू लागला, की त्याला मूळ पुरुषाचे नाव, हुद्दा, पलटण असे पुष्कळ काही सापडते. त्याच्या देशी पत्नीच्या जागी मात्र अनेकदा बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेले एखादे ख्रिस्ती नाव तेवढे असते. कधी तेही नसते. ‘नेटिव्ह स्त्री’ एवढ्यावर लेखनिकाने काम भागवलेले असते. (आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या याबाबतीत फार उदार आहेत असे नव्हे, त्याही मुख्यतः पुरुषपरंपरेच्याच वह्या.)

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जे झाकून ठेवले, ते उघडे करण्याचा अधिकार वंशजाला आहे काय? पूर्वजांना खोटे ठरवणे सोपे आहे. पण कंपनी सरकारने १७९१ मध्ये देशी आईच्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी नोकऱ्यांची दारे बंद केली होती, हे विसरता येत नाही. आईचे नाव सांगणे म्हणजे मुलाच्या अन्नावर पाणी सोडणे, असा तो काळ होता. अशा मौनाला केवळ दंभ म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ते मौन मुलांचे व नातवंडांचे होते. त्या स्त्रीला कोणी विचारले होते? जो स्वतः गप्प राहिला आणि जिला गप्प केले गेले, त्या दोघांवरचा पडदा एकच मानणे हीच या चर्चेतली मोठी गफलत आहे.

तथापि कागद बोलका असला म्हणजे सत्य हाती येते, असेही नाही. मराठी समाजातील रखमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांचा विवाह अकराव्या वर्षी झाला. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात राहा, असा हुकूम १८८७ मध्ये झाला आणि पुढल्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ही इंग्रजी कागदपत्रे वाचणारा असेच म्हणेल, की हा विवाह या बाईने कधीच मानला नाही. पुढे लंडनला वैद्यकी शिकून त्या डॉक्टर झाल्या. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा याच रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. ही कृती कोणत्याही निकालपत्राच्या चौकटीत बसत नाही. ती शरणागती होती की निराळ्या जातीचे स्वातंत्र्य, हेही कोणत्या कागदावरून ठरणार?

ब्लॅकपल्लीतल्या त्या अनाम स्त्रीविषयी तर एवढीही आठवण शिल्लक नाही. वंशवृक्ष पुरा करण्याच्या उत्साहात वंशज तिला एखादे गोड देशी नाव बहाल करतो, तिच्या मनात प्रेम किंवा दुःख भरतो. पाद्र्याने आपल्या सोयीचे नाव दिले होते. हा आपल्या सोयीचे देतो. तिचे स्वतःचे नाव त्या दोघांनाही ठाऊक नसते.