एवढी एक खेप

रायपूरनजीक उरला येथील एका गॅरेजात आम्ही उभे असता मिस्त्रीने ट्रकचे पुढचे चाक जॅकवर उचलले. भार अंगावर असता निर्दोष भासणारे ते चाक वर-खाली हलविताच हबचे बेअरिंग खुळखुळले. आडवे हलविताच टाय रॉडचा बॉल जॉइंटही सैल निघाला. एवढी एक खेप होऊ द्यावी, असे मालकाचे म्हणणे पडले. योग्यता प्रमाणपत्राची मुदत अद्याप शिल्लक होती.

कायद्याची मुभा विवेकास पुरेशी आहे काय? 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाडीस असे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले आहे. परंतु झीज तारीख पाहून होत नाही. मालकाने स्वतःचा पैसा पणास लावावा, तो त्याचा अधिकार. येथे पणास लागतो तो समोरून येणारा सायकलस्वार, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते. न दिसलेला दोष एक वेळ क्षम्य असेल. हातास कळलेला दोष त्या हाताचाच होतो.

मजुरी बुडण्याची पर्वा न करता, भाग बदलल्यावाचून चाक चढविण्यास मिस्त्रीने नकार दिला. दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्या टेबलावर एक फाईल होती. तीवर ‘तूर्त चालू द्यावे’ हा शेरा आमच्याच हातचा होता. ती आम्ही पुन्हा उघडली.