थंड इंजिन



आजचं वाचन द्रोणपर्वातलं आहे, पण सुरुवात माझ्या गाडीपासून करतो. नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, 1,10,000 किलोमीटर झालेली. महिनाभरापासून सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद ‘खर्रर्र’ आवाज यायचा, डब्यात खडे हलवल्यासारखा. मग गायब. खरं सांगतो, मी चावी फिरवायच्या आधीच मोबाईलवर मोठ्याने भजन लावायला लागलो होतो!

शेवटी गॅरेजवाल्या काकांकडे नेली, तर तिथे आवाजच नाही. आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख माहीत आहे. टेस्टरकडे येणारा बग आपल्या लॅपटॉपवर येतच नाही. काका म्हणाले, "रात्रभर ठेवा इथे. सकाळपर्यंत कुणी चावी लावायची नाही."

सकाळी त्यांनी आधी ऑइल बघितलं, ते बरोबर होतं. मग अल्टरनेटरचा पट्टाच काढून ठेवला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या बाजूच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला म्हणाले, "मारा." खर्रर्र! पट्टा नसतानाही आवाज आला, म्हणजे अल्टरनेटर वगैरे सुटले. आवाज आतला, टायमिंग चेनचा. ही चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं, आणि दाब परत येईपर्यंत झिजलेली, सैल चेन आपटत राहते. तशीच चालवत राहिलं आणि एक दिवस चेन दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात. खर्च 18,000 रुपये.

गाडी तशीही विकायची होती. रविवारी अकरा वाजता एक मुलगा बघायला येणार होता, पहिलीच गाडी घेणारा. मी साडेदहाला खाली गेलो आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं.

तो आला. मेकॅनिक आणला नव्हता. "आवाज वगैरे काही नाही ना? दादा, तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगा." मी चावी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "तूच ऐक ना." इंजिन मऊसूत चाललं. माझ्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता.

त्या रात्री वाचायला नेमकं द्रोणपर्व. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारलेला असतो आणि द्रोण युधिष्ठिरालाच विचारतात, कारण हा खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री असते. तो ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटतो. म्हणजे तसं पाहिलं तर त्यानेही सगळं खरंच सांगितलं! तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. लहानपणी मला ही शिक्षा फार कडक वाटायची. शब्द तर उच्चारला ना त्याने?

आता वाटतं, युधिष्ठिराकडे निदान युद्धाचं कारण होतं. माझ्याकडे 18,000 रुपये होते. आणि मी गप्प बसण्यापुरताच थांबलो नव्हतो. आवाज नेमका कोणत्या परिस्थितीत येतो हे शोधायला मी एक अख्खी रात्र गाडी गॅरेजमध्ये ठेवली होती, आणि तीच माहिती वापरून तो येऊ नये अशी व्यवस्था केली. निदान झालं नसतं तर मी निर्दोष होतो का, असाही प्रश्न पडला. पण भजन आठवलं आणि तो प्रश्न मी फार ताणला नाही.

कुणी म्हणेल, जुन्या गाडीच्या व्यवहारात घेणाऱ्याने तपासून घ्यावं. मान्य आहे. पण त्याने विचारलं होतं, आणि मला विचारलं होतं.

सोमवारी त्याला फोन केला. "उद्या सकाळी सातला येशील? पहिली चावी तूच मार." तो आला. बॉनेटवर दव होतं. खर्रर्र. त्याने माझ्याकडे बघितलं.

"दादा, परवा हा आवाज कुठे होता?"

घसा कोरडा पडला होता. "परवा तू यायच्या आधी मी गाडी सुरू करून ठेवली होती," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. परत एकदा चावी फिरवून बघितली. आता आवाज येणार नव्हता, तेही मी त्याला सांगितलं. गाडी घेणार की नाही, ते त्याने अजून कळवलेलं नाही.