पलंग फिरवला तर काय बिघडते?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या घरातली कपाटे चालू लागतात. वर्षभर एका भिंतीशी निमूट उभे असलेले कपाट 'यंदा हे इथे नको' एवढ्या वाक्यावर समोरच्या भिंतीशी जाते, त्याच्या मागे सापडलेला चेंडू मुलांना मिळतो, आणि पुढचे आठ दिवस आम्ही सगळे रिकाम्या भिंतीत कपाटाचे दार शोधतो. पूर्वी या हालचालीला धूळ आणि जळमटे एवढेच कारण असे. आता दिशाही आल्या आहेत. परवा एका स्नेह्यांनी आमची खोली न्याहाळून विचारले, "तिजोरीचं तोंड उत्तरेला आहे ना?" उत्तर ही कुबेराची दिशा. आमच्याकडे तिजोरी नाही. पत्र्याचा एक डबा आहे आणि त्यात विजेची बिले आहेत. कुबेराला दाखवावे असे त्यात काही नाही.

पण मी या गोष्टींना हसणारा नव्हे. दिशा मला शिकवल्या त्या आजीने. लग्नकार्याला घर भरले की माजघरात ओळीने गाद्या पडत, आणि आम्ही पोरे जागा मिळेल तिथे, जसे पडू तसे झोपत असू. सगळे निजल्यावर आजी कंदील घेऊन येई. ज्याचे पाय दक्षिणेला असतील त्याला ती घोट्याला धरून हलकेच फिरवी आणि पांघरूण नीट करी. दक्षिण यमाची, तिकडे पाय करून निजू नये. यमाची भीती मला त्या वयात वाटली नाही. अर्धवट झोपेत एवढेच कळे की कोणीतरी आपल्याला मोजते आहे. पुढे पुष्कळ वाचले, पुष्कळ वाद घातले, पण दक्षिणेकडे पाय करून मी आजही निजत नाही. याला श्रद्धा म्हणावे की आजीची आठवण, हे मी ठरवलेले नाही, आणि ठरवण्याची घाईही नाही.

म्हणूनच धाकट्या बहिणीने मला विचारले, "दादा, ह्यांचा पलंग फिरवू का?" तेव्हा मी पटकन म्हणालो, "फिरव की. पलंग फिरवला तर काय बिघडतं?"

मेहुणे त्या वेळी आजारी होते. यकृताचा कर्करोग. करण्यासारखे जे होते ते डॉक्टर करत होते, आणि बहिणीच्या हातांना काम उरले नव्हते. उशी उत्तरेला होती ती दक्षिणेला झाली. भाच्यांनी पलंग उचलला, मी खालची धूळ पुसली. त्या रात्री मेहुणे चार तास सलग झोपले. ते औषधामुळे, हे मला माहीत होते. बहिणीलाही बहुधा माहीत असावे. पण सकाळी ती म्हणाली, "बघ!" आणि किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला दिसला. त्या 'बघ'शी वाद घालणारा माणूस खरे बोलेल, पण शहाणा ठरणार नाही, असे मला वाटले. अजूनही वाटते.

चौदा महिन्यांच्या दुखण्यानंतर २०१६ साली मेहुणे गेले.

वर्षश्राद्धाला एक नातेवाईक वास्तुशास्त्र जाणणाऱ्या एका गृहस्थांना घेऊन आले. हेतू वाईट नव्हता. 'मुलांचं तरी नीट व्हावं' एवढाच होता. गृहस्थांनी फोनमधले होकायंत्र काढले. मीही माझे काढले, तर त्यांची उत्तर आणि माझी उत्तर यांत चांगला फरक. सिमेंटच्या भिंतींतल्या लोखंडी सळ्यांपुढे होकायंत्र बावरते. आम्ही खोलीच्या मध्यावर आलो, खिडकीशी गेलो, शेवटी सूर्य कुठे मावळतो ते बहिणीला विचारले, तेव्हा कुठे उत्तर निश्चित झाली. मग ते म्हणाले, घराचे दार दक्षिणेला आहे आणि संडास ईशान्येला. ईशान्येला वास्तुपुरुषाचे मस्तक. "या घरात कर्ता पुरुष टिकणं कठीणच होतं."

हे वाक्य त्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता उच्चारले. आमची आई असती तर तिने त्यांना तिथेच थांबवले असते. घरात अभद्र बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, हा तिचा नियम. वास्तुशास्त्राचा तेवढाच भाग तिला येत होता. मी मात्र काही बोललो नाही. पाहुण्याचा मान ठेवला.

ठाण्याचे ते घर १९९८ साली बहिणीने हट्टाने घेतलेले. मेहुण्यांना त्याच मजल्यावरचे समोरचे घर पसंत होते. पण या घराच्या स्वयंपाकघरातून येऊरचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात त्यावर ढग उतरतात, आणि पोळ्या लाटताना समोर डोंगर असावा एवढी एकच चैन तिने आयुष्यात मागितली होती. गृहस्थ गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्यांना समोरचं घर हवं होतं, दादा." पुढे काही बोलली नाही.

मी तिला हिशेब घालून दाखवला. इमारत सात मजल्यांची; पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ वरपासून खालपर्यंत एका रेषेत, म्हणून खालीवर सातही घरांत संडास त्याच कोपऱ्यात आणि दार त्याच दिशेला. मग बाकीच्या सहा घरांतले कर्ते पुरुष रोज जिन्यात भेटतात ते कसे? तिने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, "हिशेब मला कळतो, दादा. दिवसा कळतो. रात्री कळत नाही."

या उत्तराने मी ग्रंथाकडे वळलो. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. तिच्यात वास्तुविद्येवर एक मोठा अध्याय आहे. ८१ पदांचा चौकोन, त्यावर पालथा पडलेला वास्तुपुरुष, त्याला दाबून बसलेल्या ४५ देवता, सगळे तिथे आहे. पण मला नवल वाटले ते जमिनीच्या परीक्षेचे. हातभर खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीने तोच पुन्हा भरावा: माती उरली तर जमीन उत्तम, नेमकी पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. किंवा खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन परत यावे, आणि पाणी उतरले नसेल तर जमीन चांगली समजावी. यातली युक्ती कोणताही गवंडी मान्य करील. आणि याच ओघात, ज्या जागी ज्याचे मन रमते ती त्याला शुभ, असेही वराहमिहिर सांगून जातो. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

ग्रंथ सगळाच असा निर्मळ नाही, हेही सांगितले पाहिजे. चार बाजूंना मिळून ३२ दारे कल्पून प्रत्येकाचे फळ दिले आहे. पूर्वेच्या आठांत एकाचे फळ आगीची भीती, एकाचे मुली जन्मणे, एकाचे चोरी. मातीचा रंग, जमिनीचा उतार, घराचे माप, सारे वर्णावर ठरते. उत्तरेकडे उतरती जमीन ब्राह्मणाला, पूर्वेकडे उतरती क्षत्रियाला, दक्षिणेकडे वैश्याला, पश्चिमेकडे शूद्राला. आणि ब्राह्मणाने मात्र कुठल्याही उतारावर राहावे! म्हणजे आज सारे ज्या दक्षिणेला बिचकतात ती एकाला मानवत होती, आणि एकाला तर सगळ्याच दिशा मोकळ्या होत्या. आजचे जाणकार हा भाग गाळतात. गाळतात ते उत्तमच करतात. पण लाजेखातर ज्यातले एवढे आपण गाळू शकलो, त्यातलाच एक कोपरा एका विधवेला सांगताना मात्र अटळ कसा होतो?

(रक्तातले लोह उत्तरेकडे ओढले जाते, असे सांगून याला विज्ञानाची झूल घालणारेही भेटतात. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही. एवढे बोलून मी त्यांना सोडून देतो.)

मला खुपते ते दुसरेच. जमीन घेण्यापूर्वी सांगितलेला नियम हा सल्ला असतो. माणूस गेल्यावर सांगितलेला तोच नियम आरोप होतो. पूर्वी नवरा गेला की सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणत. त्यापेक्षा भिंतीला दोष दिलेला बरा, भिंतीच्या मनाला काही लागत नाही, अशी माझी समजूत होती. तिच्यात तथ्य अगदीच नाही असे नव्हे; भिंत पाडता येते, कपाळ पाडता येत नाही. पण घरातली भिंत कोणीतरी पसंत केलेली असते, ओटा कोणीतरी आपल्या सोयीने मांडून घेतलेला असतो. भिंतीकडे दाखवलेले बोट वाटेत कोणाला तरी लागून जाते, आणि बहुधा जी दिवसभर घरात वावरते तिलाच लागते. पांढरे पाय तेच राहिले. फक्त ते आता उंबऱ्याला चिकटवले गेले.

आणि यात माझा वाटा आहे. पलंग फिरवल्याने झोप लागली हे मी मान्य केले, निदान नाकारले नाही. मग संडासाने मरण आणले हे कोणत्या तोंडाने नाकारू? दोन्ही एकाच पोथीतले. 'काय बिघडतं' म्हणताना मी मागचापुढचा विचार केला नव्हता. मग पलंग फिरवू नको म्हणायला हवे होते का? त्या रात्रीचा तिचा चेहरा आठवला की तेही जिभेवर येत नाही. पुन्हा विचारले तर पुन्हा फिरव म्हणेन, धूळही पुसेन. पण ज्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून ते वाक्य उच्चारले गेले त्या दिवशी गप्प बसायला नको होते. वराहमिहिराचे ते मन रमण्याचे वचन मी बहिणीला मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा तिने ऐकून घेतले आणि विचारले, "हे तू त्यांच्यासमोर का नाही बोललास?"

मला तेव्हा ते वचन ठाऊक नव्हते, हे खरे. पण तिला वचन नको होते.

गृहस्थांनी सुचवलेली तोडफोड तिने केली नाही, घरही विकले नाही. मागच्या धनत्रयोदशीला मी ठाण्याला होतो. वर्षातून या एकाच दिवशी यमासाठी दक्षिणेला दिवा लावतात, आणि इतरांना त्यासाठी घरात दक्षिण शोधावी लागते. तिचे दारच तिकडे. तिने कणकेचा दिवा केला, तेल घातले, उंबऱ्याबाहेर ठेवला, ज्योत जिन्याकडे करून. लिफ्ट बंद होती. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दोन हातांत दोन पिशव्या घेऊन धापा टाकत आले, दिवा पाहून थांबले, पाय जपून टाकत वर गेले. "सहांतले एक," बहीण हळूच म्हणाली आणि हसली.

रात्री तिने माझे अंथरूण घातले. उशी दक्षिणेला होती.