रविवारी न धावणारा माणूस

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत रविवार सकाळचं दृश्य सारखंच असतं. एकीकडे मुलांना मराठी शाळेला पोचवायची घाई, दुसरीकडे दारात पडलेले सॉकरचे बूट, आणि ओट्यावर झाकून ठेवलेले, कुणीच न खाल्लेले पोहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे या रविवारवरून चांगलाच खटका उडाला. लेकीच्या टीमचे सामने शनिवारऐवजी रविवारी ठेवले गेले, आणि मराठी शाळेची वेळ नेमकी तीच. मी म्हटलं, "शाळा आधी." ती म्हणाली, "बाबा, एक सीझन शाळा बुडाली तर काय होईल?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच, काय होईल?

त्याच सुमारास, फेब्रुवारीत, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून तिला शाळेत एका व्यक्तीवर प्रकल्प करायचा होता. तिने नाव निवडलं मेजर टेलर. कारण सोपं होतं. त्याचा पुतळा आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, वुस्टरच्या सार्वजनिक वाचनालयाबाहेर उभा आहे. (नव्याने आलेल्या मंडळींसाठी सूचना: स्पेलिंग पाहून ‘वॉर्सेस्टर’ म्हणू नका. मी पहिलं वर्षभर म्हणत होतो आणि कुणी दुरुस्तही केलं नाही.) त्या पुतळ्यावरून मी कामाला जाताना शेकडो वेळा गेलो होतो. कुणीतरी सायकलवाला, एवढंच माहीत होतं. प्रकल्प लेकीचा, पण आपल्याकडच्या रीतीप्रमाणे अर्धा अभ्यास बापाने केला.

मार्शल वॉल्टर टेलरचा जन्म १८७८ सालचा, इंडियानापोलिसचा. वडील एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकायचे. त्या घरच्या मुलाचा सवंगडी म्हणून छोटा मार्शल तिथेच राहू लागला, आणि तिथेच त्याला पहिली सायकल मिळाली. पुढे ते कुटुंब शिकागोला गेलं आणि हा आपल्या घरी परतला. मग एका सायकलच्या दुकानाने गिऱ्हाईक जमवण्यासाठी त्याला दारासमोर कसरती करायला ठेवलं. अंगात शिपायासारखा गणवेश असायचा, त्यावरून नाव पडलं ‘मेजर’. ते जन्मभर चिकटलं. लुई मंगर नावाच्या एका माजी शर्यतपटूने त्याच्यातली चमक ओळखली आणि १८९५ साली त्याला आपल्याबरोबर वुस्टरला आणलं.

ते दिवस ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींचे होते. तिरप्या उताराचा लंबगोल ट्रॅक, भोवती हजारो प्रेक्षक. या सायकलींना ब्रेक नसतो, आणि चाक फिरतंय तोवर पायही फिरवावे लागतात. पाय थांबवून नुसतं घरंगळता येत नाही. जो पुढे असतो तो वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो. म्हणून स्प्रिंटच्या शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असतात. टेलर या विद्येत असा तरबेज झाला की १८९९ साली माँट्रियलला एक मैलाच्या शर्यतीत तो जगज्जेता ठरला. वय अवघं वीस. मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सननंतर कुठल्याही खेळात जगज्जेता होणारा तो दुसरा कृष्णवर्णीय.

पण या वाटेत काय काय होतं! अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने १८९४ साली नियमच केला होता की सभासद फक्त गोरे असतील. दक्षिणेकडचे आयोजक त्याला प्रवेश देत नसत. शर्यतीत चार-पाच जण संगनमताने त्याला घेरायचे, वाट अडवायचे, आणि जिंकलेल्याने बक्षीस आपसात वाटून घ्यायचं. १८९७ साली मॅसॅच्युसेट्समधल्याच टॉन्टन गावी तर त्याच्या मागे राहिलेल्या एका गोऱ्या स्वाराने शर्यत संपताच त्याला खाली खेचून बेशुद्ध होईपर्यंत गळा दाबला. शिक्षा काय? पन्नास डॉलर दंड. पुढे तो नामवंत झाल्यावर त्याने वुस्टरमध्ये चांगल्या वस्तीत घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी ते त्याच्याकडून परत विकत घ्यायची खटपट केली.

आणि हा माणूस रविवारी शर्यत खेळत नसे.

आई धार्मिक होती. १८९८ साली वुस्टरच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला होता. रविवार देवाचा, त्या दिवशी पैशासाठी धावायचं नाही, एवढाच त्याचा नियम. त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या मालिकेतल्या मिझुरी राज्यातल्या शर्यती पावसामुळे रविवारवर ढकलल्या गेल्या. टेलर उतरला नाही आणि गुणांवर पाणी सोडलं. युरोपात तर मोठ्या शर्यती रविवारीच होत. तिथून आलेली पहिली घसघशीत बोलावणी त्याने याच कारणासाठी नाकारली. शेवटी १९०१ साली फ्रेंच आयोजकांनी माघार घेतली आणि करारात रविवार वगळला. पॅरिसला फ्रान्सच्या एदमाँ जाकलँशी त्याची गाठ पडली ती १६ मे रोजी, गुरुवारी. त्या दिवशी टेलर हरला. परतीचा सामना २७ मे रोजी, सोमवारी झाला आणि तो टेलरने जिंकला. गंमत म्हणजे ते दोन्ही दिवस ख्रिस्ती सणांचे होते. आयोजकांनी पंचांग, म्हणजे त्यांचं कॅलेंडर, पाहून बरोबर सुट्टीचे वार शोधले होते!

इथवर ऐकून लेक म्हणाली, "पण रविवारी सायकल चालवण्यात चूक काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. रविवारी सायकल चालवून कुणाचं नुकसान होत नाही. तुमच्या-माझ्या हिशोबाने ते पाप नाही. मग या हट्टाचं कौतुक का करायचं? आपल्याकडेही असे लोक असतात. कुणी चतुर्थीला पाणी पिऊन राहतं, कुणी वडिलांना शब्द दिला म्हणून चाळीस वर्षं चहा घेत नाही. आपण त्यांना हसतो, आणि मनात थोडे घाबरतोही.

मला उत्तर असं सुचलं. टेलरच्या आयुष्यात इतर सगळ्या रेषा दुसऱ्यांनी आखल्या होत्या. त्याने कुठल्या हॉटेलात उतरायचं, कुठे जेवायचं, कुठल्या ट्रॅकवर यायचं, कुठे घर घ्यायचं, हे सारं ठरवणारे दुसरे. त्याला आयुष्यभर ‘नाही’ ऐकवण्यात आलं. रविवार ही एकच रेषा त्याने स्वतः आखली. तिथे ‘नाही’ म्हणणारा तो होता, आणि ऐकून घेणारे बाकीचे. तत्त्वाची किंमत नेहमी त्यातल्या मजकुरात नसते, ती कधी कधी ‘हे मी ठरवलं’ या वाक्यात असते.

एवढ्यावर निबंध छान संपला असता. पण गोष्ट इथे संपत नाही. १९०४ च्या सुमारास टेलर शरीराने आणि मनाने पार थकला आणि जवळजवळ तीन वर्षं ट्रॅकपासून दूर राहिला. १९०७ साली तो पुन्हा युरोपात उतरला. आता वेग पूर्वीचा नव्हता, आणि घरी पत्नी डेझी व लहानगी मुलगी होती. कारकिर्दीच्या या शेवटच्या टप्प्यात तो रविवारीही धावला. १९१० साली निवृत्त झाला.

लेक हे वाचून एकदम खट्टू झाली. "म्हणजे शेवटी हो म्हणालाच! मग आधीच म्हणाला असता तर जास्त पैसे मिळाले असते ना?"

मित्रहो, या प्रश्नाने मला रात्रभर झोप आली नाही, आणि त्याचं कारण टेलर नव्हता.

मी इथे एम.एस. करून बाहेर पडलो ते २००८ साल होतं. त्या मंदीची आठवण अनेकांना असेल. एका कन्सल्टिंग कंपनीने मला घेतलं आणि गेस्ट हाऊसमध्ये आणखी चौघांबरोबर ‘बेंच’वर बसवलं. काही आठवड्यांनी माझाच रेझ्युमे माझ्या हाती आला. त्यात एका बँकेतला दोन वर्षांचा अनुभव होता, आणि त्या बँकेचं दार मी कधी पाहिलं नव्हतं. मी नाही म्हटलं. रूममेट हसले. एक म्हणाला, "अरे हरिश्चंद्रा, सगळेच करतात." मी तरी नाहीच म्हटलं आणि आणखी दीड महिना डाळ-भातावर काढला. फोनवर आईबाबांना सांगायचो, काम जोरात चालू आहे.

मग तोच रेझ्युमे दुसऱ्यांदा आला. व्हिसाचे दिवस भरत आले होते, लग्न ठरलं होतं, शैक्षणिक कर्जाचा हप्ता बाबांच्या पेन्शनमधून जात होता. या वेळी मी काही बोललो नाही. मुलाखत दिली. प्रोजेक्ट मिळालं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे, ग्रीन कार्ड, घर, हा मंडळाचा वार्षिक वर्गणीचा चेकसुद्धा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं ते या लेखाच्या निमित्ताने.

तर प्रश्न असा: दुसऱ्यांदा गप्प बसलो म्हणून पहिला नकार खोटा ठरतो का?

टेलरचं आणि माझं एका तराजूत तोलता येणार नाही, हे मला कळतं. त्याने रविवारी धावून कुणाला फसवलं नाही, मी फसवलं. माझ्या जागी खरा अनुभव असलेला कुणीतरी त्या दिवशी घरी बसला असेल. पण मोडलेल्या नियमाचं काय करायचं हा प्रश्न दोघांचाही आहे.

आपल्या महाभारतात याची गोष्ट आहेच. युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेल्याचं ते अर्धसत्य त्याने उच्चारलं आणि चाकं खाली टेकली. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना मला वाटायचं, संपला बिचारा. आता वाटतं, नीट पाहिलं पाहिजे. रथ जमिनीवर आला, जमिनीत रुतला नाही. तो इतरांच्या रथांसारखा चालू लागला, एवढंच. आणि त्यानंतरही लोक त्याला धर्मराजच म्हणत राहिले, पण ते खोटंही कुणी विसरलं नाही. दोन्ही नोंदी वहीत राहिल्या. एकीने दुसरी खोडली गेली नाही.

म्हणून मी लेकीला सांगितलं, टेलरने जे रविवार सोडले ते सोडलेच. पॅरिसचा तो सोमवार सोमवारच राहिला. आधीच हो म्हणाला असता तर पैसे जास्त मिळाले असते, पण मग तो सोमवार झालाच नसता.

टेलरचा शेवट वाईट झाला. धंद्यात पैसा बुडाला, तब्येत ढासळली, संसार विस्कटला. १९२८ साली त्याने आत्मचरित्र स्वतःच छापलं आणि शिकागोत दारोदार हिंडून विकलं. १९३२ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी इस्पितळाच्या धर्मादाय वॉर्डात तो गेला, वय ५३. गरिबांच्या दफनभूमीत पुरला गेला. १९४८ साली काही जुन्या शर्यतपटूंनी सायकल कारखानदार फ्रँक श्विन यांच्या पैशाने त्याला चांगल्या जागी हलवलं. वुस्टरचा पुतळा उभा राहायला २००८ साल उजाडलं, म्हणजे मी गेस्ट हाऊसमध्ये डाळ शिजवत होतो तेच वर्ष. यातून ‘तत्त्वाने वागलं की फळ मिळतं’ असं तात्पर्य निघत नाही, आणि ‘तत्त्वाने माणूस बुडतो’ असंही नाही. त्याला रविवारने बुडवलं नाही. धंद्याने, आजाराने आणि मंदीने बुडवलं. तत्त्व हा विमा नव्हे. हप्ते भरले म्हणून काही परत मिळेल, या हिशोबाने ते पाळता येत नाही.

अलीकडे कामावर मुलाखती घ्यायची पाळी माझ्यावर येते. समोरच्या तरुणाच्या रेझ्युमेतली ‘ती’ दोन वर्षं मला लगेच ओळखू येतात. मी त्याला सांगतो, "जे तू स्वतः केलं आहेस तेवढंच सांग, मी तेवढ्यावरच प्रश्न विचारेन." काही जण सुटकेचा श्वास सोडतात, काही जण खोट्यालाच धरून बसतात. त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यांना तसंच पुढे जाऊ देण्याचाही नाही.

वुस्टरमध्ये जॉर्ज स्ट्रीट नावाचा एक छोटा पण उभा चढ आहे. टेलर तिथे सराव करायचा. लांबी जेमतेम पाचशे फूट, पण चढ अठरा टक्के. प्रकल्प संपल्यावर लेकीला घेऊन तिथे गेलो. ती एका दमात वर गेली. मी अर्ध्यावर उतरलो आणि सायकल ढकलत वर पोचलो. "बाबा, हे मोजायचं नाही," ती म्हणाली.

आणि मराठी शाळेचं काय झालं? त्या सीझनला ती सॉकरलाच गेली. शनिवारी संध्याकाळी मी घरी शिकवायचं असं ठरलं. खरं सांगायचं तर निम्मे शनिवार बुडाले. पण जे झाले, त्यांतल्या एका शनिवारी तिने मेजर टेलरवर दहा ओळी मराठीत लिहिल्या. ‘रविवार’मधला ‘वि’ दीर्घ काढला आहे. तो मी दुरुस्त केला आणि कागद फ्रिजवर लावून ठेवला.