प्रारब्ध कोणाच्या तोंडी शोभते?



मृत्यू दारात आला म्हणजे आपल्या तोंडी एक शब्द आपोआप येतो. पिकले पान गळाले तरी प्रारब्ध, आणि तरणाताठा गेला तरी प्रारब्धच. हा शब्द खोटा आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग शास्त्राने सांगितले आहेत, आणि ते आम्ही आजवर श्रद्धेने ऐकत आणि सांगत आलो. प्रश्न एवढाच, की हा शब्द कोणी, केव्हा आणि कोणाविषयी उच्चारावा?

हा प्रश्न आम्हांला कोणा पंडिताने घातला नाही. आमच्या पंचक्रोशीतील एक तरुण कापसावर फवारणी करता करता विषबाधेने गेला. दशक्रियेच्या दिवशी प्रवचनाला आम्हांलाच बोलावणे आले. आम्ही नेहमीप्रमाणे प्रारब्धावर तासभर बोललो. लोकांनी माना डोलावल्या. मंडळी उठल्यावर त्या मुलाची आई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “बुवा, तुम्ही सांगितलं ते खरंच असंल. पण औषध देणाऱ्यानं तोंड बांधून फवार म्हणून सांगितलं असतं, तर माझ्या पोराचं प्रारब्ध बदललं असतं का?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर त्याहून वाईट गोष्ट तेव्हा ध्यानात आली. तोंडाला फडके न बांधता, उघड्या हातांनी औषध कालवणारी दहा-वीस पोरे आम्ही रोज त्याच शिवारात पाहत होतो. आम्हीही काही बोललो नव्हतो.

तेव्हापासून हा काटा मनात सलतो आहे. पुढे अमेरिकेतील एका शेतकरी गावाची हकीकत वाचनात आली, आणि त्या माउलीचा प्रश्न तेथेही तसाच उभा असलेला दिसला. म्हणून ती हकीकत येथे सांगतो.

टेक्सास राज्यात वेको शहराच्या उत्तरेस वेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती जेमतेम २,८०० ची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील चेक मुलुखातून शेतकरी कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांचे नातू-पणतू आजही तेथेच आहेत. कोलाचे नावाची गोड भरलेली पावरोटी तेथे अजून भाजली जाते, आणि दरसाल गावची जत्रा भरते. गावाच्या कडेला १९६२ साली खत-बियाण्याची एक वखार उभी राहिली. आसपासच्या शेतकऱ्यांना खत तेथूनच मिळे. वखार म्हणजे कोणा परक्याची नव्हे, ओळखीच्याच माणसांची.

१७ एप्रिल २०१३, बुधवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वखारीतून धूर निघताना दिसला. गावचे अग्निशामक दल स्वयंसेवकांचे होते. दिवसा आपापला पोटापाण्याचा उद्योग करायचा आणि हाक आली की बंब घेऊन धावायचे, ही त्यांची रीत. त्याही दिवशी हातातले टाकून ते धावले. रुग्णवाहिकेचे काम शिकणारे काही विद्यार्थी संध्याकाळच्या वर्गातून उठून गेले. हाक आल्यापासून वीस-बावीस मिनिटे झाली असतील नसतील, तोच वखार फुटली. सुमारे ३० टन अमोनियम नायट्रेट एका क्षणात गेले आणि जमिनीत ९३ फूट रुंदीचा खड्डा पडला. भूकंपमापक यंत्रांवर त्याची नोंद झाली. १५ माणसे गेली, २६० हून अधिक जखमी झाली, दीडशेच्या वर इमारती मोडल्या. गेलेल्या १५ पैकी १२ जण मदतीला धावलेले होते, तिघे परिसरातील रहिवासी.

जवळच शाळा होती, वृद्धांचे निवासस्थान होते, बिऱ्हाडांची चाळवजा इमारत होती. वेळ रात्रीची असल्याने शाळा रिकामी होती, म्हणून मुले वाचली. ही ईश्वराची कृपा असे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच. परंतु माणसांच्या शहाणपणाने ती वाचली नाहीत, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. स्फोट दिवसा झाला असता तर काय झाले असते, हा विचार करवत नाही.

आता विचारू, की हे प्रारब्ध काय?

शास्त्रकार बाणाचा दृष्टान्त देतात. भात्यातला बाण ते संचित, धनुष्यावर जोडलेला ते क्रियमाण, आणि सुटून गेलेला ते प्रारब्ध. सुटलेला बाण परत येत नाही हे कबूल. पण वेस्ट गावचा बाण केव्हा सुटला? धूर निघाल्यावर कदाचित सुटला असेल. त्याआधीची पन्नास वर्षे तो कोणाच्या ना कोणाच्या हातातच होता.

कसा, ते पाहा. अमोनियम नायट्रेट हा क्षार स्वतः लाकडासारखा जळत नाही, पण दुसऱ्याच्या जळण्याला प्राणवायू पुरवितो. कडक तापला, वितळला, त्यात काजळी-कचरा मिसळला आणि कोंडला गेला म्हणजे तो फुटू शकतो. वेस्टमध्ये तो लाकडी इमारतीत, लाकडी फळ्यांच्या कप्प्यांत ठेवलेला होता. आग लागताच आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा तेथे नव्हती. १९६२ साली वखार मोकळ्या रानात होती. पुढे घरे, शाळा, वृद्धाश्रम असे एकेक करून गावच तिच्या जवळ सरकत गेले, आणि परवानगी देणाऱ्याला त्यात वावगे दिसले नाही. कामगारांच्या सुरक्षिततेची सरकारी तपासणी तेथे शेवटची झाली ती १९८५ साली. आपल्याकडे २७० टनांपर्यंत हा क्षार असतो असे वखारीने राज्य सरकारच्या एका खात्याला लिहून कळविलेले होते. म्हणजे माहिती होती. ती दप्तरात होती. आगीपुढे उभे राहिलेल्या माणसांना मात्र हा क्षार असा फुटतो याचे शिक्षण कोणी दिलेले नव्हते.

यात राक्षस कोणी दिसतो का? आम्हांला तरी दिसत नाही. मालक शेजारी, कारकून सज्जन, गावकरी साधे. प्रत्येकाने फक्त “हे माझे काम नव्हे” एवढेच म्हटले, तेही मोठ्याने नव्हे. अशा पन्नास वर्षांच्या मुकेपणाची बेरीज त्या रात्री झाली. या अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकन सरकारी मंडळानेही तो टाळता येण्याजोगा होता असाच निर्वाळा दिला.

येथे कोणी शंका घेईल, “आग मुद्दाम लावलेली होती असे म्हणतात, मग दोष त्या एकाचा नाही काय?” मे २०१६ मध्ये तेथील एका तपास खात्याने तसे जाहीर केले, हे खरे. त्याच वर्षी जानेवारीत त्या चौकशी मंडळाला मात्र आगीचे मूळ ठरविता आले नव्हते. क्षणभर धरून चालू की कोणी दुष्टाने ठिणगी टाकली. ठिणगीचे पाप त्याचे. पण एका ठिणगीने गाव उडावे अशी मांडणी कोणी केली? घरात गवताच्या गंजीवर पोरे निजवायची आणि मग काडी ओढणाऱ्या एकट्याला शिव्या द्यायच्या, हा न्याय अपुरा आहे.

दुसरी शंका याहून अवघड. “त्यांना ठाऊकच नव्हते. अजाणता घडले त्याचा दोष कसला?” वाचकहो, अजाणतेपण दोन प्रकारचे असते. एक न कळण्याचे, दुसरे न विचारण्याचे. बंब घेऊन धावलेल्या स्वयंसेवकाचे अजाणतेपण पहिल्या जातीचे. शेजाऱ्याचे घर वाचवायचे एवढेच त्याला ठाऊक होते. त्याच्या ठिकाणी बोट ठेवायला जागा नाही, त्याला आमचा साष्टांग नमस्कार. ज्याला विचारायला वेळ होता, अधिकार होता, पगारही होता, त्याचे अजाणतेपण मात्र दुसऱ्या जातीचे. ते अज्ञान नव्हे, ते आळसाने पांघरलेले अज्ञान आहे. विचारले असते तर कळले असते. त्याच टेक्सास राज्यात, टेक्सास सिटीच्या बंदरात, १६ एप्रिल १९४७ रोजी याच क्षाराने भरलेले जहाज फुटून पाचशेहून अधिक माणसे गेली होती, आणि तेथील स्वयंसेवक अग्निशामक दल जवळजवळ सगळेच नाहीसे झाले होते. वेस्टचा स्फोट त्यानंतर ६६ वर्षांनी झाला. धडा जुना होता, पाठ करणारे कोणी नव्हते. वेस्टनंतरही ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनानमधील बैरूत बंदरात हाच क्षार २,७५० टन, वर्षानुवर्षे गोदामात पडलेला, फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तेथेही आग विझवायला धाडलेल्या मंडळींना आत काय आहे ते कोणी सांगितले नव्हते.

आणि दूर कशाला जा? मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग विझविताना अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही दरसाल १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. हार घालणे योग्यच. परंतु हार घालून झाल्यावर कापूस आणि दारू पुन्हा एकत्र ठेवली, तर तो हार म्हणजे त्या जवानांची थट्टा होईल.

मग प्रारब्ध हा शब्द टाकून द्यावा काय? नाही. वेस्टमध्ये ज्या घरचा मुलगा त्या रात्री परतला नाही, त्या घरच्या आईने “देवाची इच्छा” म्हणून आपले मन सावरले असेल, तर तिला कोण अडवील? सोसणाऱ्याला हा शब्द आधाराची काठी आहे. ज्याच्या हातून राहून गेले, त्याने मात्र तो उच्चारला तर ती पळवाट होते. दुःख ज्याचे, त्याने आपल्यापुरते प्रारब्ध म्हणावे. दुसऱ्याच्या दुःखाला आपण ते नाव देऊ नये. आणि दुःख येण्याआधी तर हा शब्द कोणीच उच्चारू नये. तोवर बाण हातात आहे, तोवर सारे क्रियमाणच.

क्रियमाण मनावर घेतले की काय होते, तेही पाहा. २०१५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने हे खत जळाऊ मालापासून दूर ठेवण्याचा कायदा केला. आपल्या देशातही २०१२ साली या क्षाराच्या साठ्याचे व वाहतुकीचे खास नियम झाले. हेच आधी झाले असते तर, असे मनात येतेच. म्हणूनच पुढचे आधी करावयाचे.

(आपल्या शेतकरी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण शेतात टाकतो तो युरिया निराळा, तो असा फुटत नाही. उगाच भिऊ नये.)

पण भिण्यासारखे आणि विचारण्यासारखे आपल्या घरातही पुष्कळ आहे. दिंडीचा ट्रक डोळ्यांपुढे आणा. गॅसच्या टाक्या, त्यांना लागून कांद्या-बटाट्याची पोती, वर गाढ झोपलेली थकली मंडळी, आणि एका कोपऱ्यात भक्तिभावाने लावलेली उदबत्ती. टाकीची नळी शेवटची कोणी पाहिली, हे दिंडीत कोणाला विचारा. “चालतंय की माउली, इतकी वर्षं काही झालं नाही,” असे उत्तर मिळेल. वेस्टमध्येही पन्नास वर्षे काही झाले नव्हते.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. दिंडीचालकांनी प्रस्थानाआधी टाक्या, नळ्या, शेगड्या जाणत्या माणसाकडून पाहून घ्याव्यात आणि टाक्यांजवळ कोणाला निजू देऊ नये. कृषिकेंद्रात औषध घेताना “हे कसे वापरायचे, काय जपायचे” असे विचारावे, आणि विकणाऱ्याने न विचारता सांगावे. गावाजवळ वखार, कारखाना, फटाक्यांचे कोठार असेल तर त्यात काय आहे हे ग्रामसभेत उठून विचारावे. असे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, आणि शेजाऱ्याशी वैरही नव्हे. वारीत पुढचा माणूस “खड्डा आहे हो” म्हणून मागच्याला सांगतो, तितकीच ही साधी गोष्ट आहे.

आमच्या गावी श्रावणात सप्ताह बसतो, आणि नेमकी तेव्हाच फवारणी जोरात असते. आता काल्याचे कीर्तन संपले की प्रसादाआधी आम्ही पाच मिनिटे मागून घेतो आणि सांगतो की पोरांनो, मुखपट्टी बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, उपाशीपोटी जाऊ नका, डोके जड वाटले तर लाजू नका, दवाखाना गाठा. काहींना हे कीर्तनात शोभत नाही असे वाटते. वाटो. ती माउली पुढच्या रांगेत बसलेली असते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ अजूनही नाही. पण तो प्रश्न दुसऱ्या कोणा आईवर येऊ नये, एवढे तरी आमच्या हातात आहे.

असो. रामकृष्णहरी.