देवाने क्षमा केली, शेजाऱ्याचे काय?

प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण आपल्या अपराधांची कबुली देतो. ही कबुली केवळ देवापुढे नसते, तर बाजूला उभ्या असलेल्या बंधुभगिनींपुढेही असते. पण ते शब्द आपल्या तोंडात इतके बसले आहेत की आपल्याला ते आता टोचत नाहीत. बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच रांगेतून ख्रिस्तप्रसाद घेतात आणि चर्चबाहेर पडताच एकमेकांची नजर चुकवतात. नाताळपूर्वी दोघांनीही पापनिवेदन केलेले असते. आपल्यापैकी कितीतरी जणांची अवस्था याहून वेगळी नाही. अपराध शेजाऱ्याचा केला आणि क्षमा देवाकडून मिळवली, म्हणजे हिशेब पुरा झाला का?

या प्रश्नाचा विचार करताना आपल्या मुस्लिम बांधवांच्या श्रद्धेकडून आपल्याला पुष्कळ शिकता येईल. इस्लाममधील देव केवळ शिक्षा करणारा आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी ११३ अध्यायांचा आरंभ परम दयाळू व कृपाळू देवाच्या नावाने होतो. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ही ती दोन नावे. आईच्या उदराला अरबी भाषेत जो शब्द आहे, तोही याच धातूचा आहे. ज्यांनी आपल्याच जिवावर अन्याय केला त्यांनीसुद्धा देवाच्या दयेबद्दल निराश होऊ नये, असे कुराण एकोणचाळिसाव्या अध्यायात बजावते. देवाची दया त्याच्या क्रोधावर मात करते, असे हदीस सांगते.

हदीसमध्ये एक कथा आहे. एका माणसाने नव्व्याण्णव खून केले होते. पश्चात्तापाला वाव आहे का, असे त्याने एका मठवासीला विचारले. ‘नाही’ असे उत्तर मिळताच त्याने त्यालाही ठार केले आणि शंभर पुरे झाले. पुढे तो एका ज्ञानी माणसाकडे गेला. पश्चात्तापाच्या आड कोण येणार, असे सांगून त्या ज्ञानी माणसाने त्याला देवभीरू लोकांच्या गावी जायला सांगितले. वाटेतच त्याला मरण आले. दयेचे दूत आणि शिक्षेचे दूत त्याच्यासाठी भांडू लागले. तेव्हा अंतर मोजण्यात आले. तो चांगल्या गावाला एक वीतभर जवळ निघाला आणि दयेच्या दूतांनी त्याला नेले.

ही कथा ऐकून आपल्याला उधळ्या पुत्राची आठवण होते. पण लगेच मनात येते, की त्या शंभर जणांचे काय? त्यांच्या बायकामुलांचे काय? अशा खऱ्या पश्चात्तापी माणसाच्या बाबतीत देव स्वतःच्या भांडारातून त्या पीडितांचे समाधान करील, असे मुस्लिम भाष्यकार सांगतात. म्हणजे पीडितांना विसरून क्षमा होत नाही.

इस्लामी धर्मशास्त्र देवाचे हक्क आणि माणसांचे हक्क यांत फरक करते. देवाविरुद्ध केलेल्या पापाच्या तौबेसाठी तीन गोष्टी लागतात: पाप सोडणे, त्याचे दुःख होणे आणि पुन्हा न करण्याचा निर्धार. माणसाचा अपराध केला असेल तर चौथी गोष्ट लागते. त्याचे त्याला परत द्यायचे किंवा त्याची क्षमा मागायची. खरा दिवाळखोर कोण, याचेही उत्तर हदीसमध्ये आहे. नमाज, रोजे, जकात यांचे पुण्य घेऊन न्यायाच्या दिवशी येणारा, पण ज्याने कुणाला शिव्या दिल्या, कुणावर आळ घेतला, कुणाचा पैसा खाल्ला, तो खरा दिवाळखोर. त्याचे सारे पुण्य त्या लोकांना वाटून टाकले जाईल. म्हणूनच हजला निघालेले लोक आधी कर्जे फेडतात आणि नातेवाईक-शेजाऱ्यांना भेटून झाल्यागेल्याची माफी मागतात.

दुखावलेल्या माणसावरही जबाबदारी आहे. पैगंबरांची पत्नी आयेशा हिच्यावर खोटा आळ आला, तेव्हा तो पसरवणाऱ्यांत मिस्तह नावाचा गरीब नातलगही होता. आयेशाचे वडील अबू बक्र त्याला पोसत होते. त्यांनी मदत बंद करण्याची शपथ घेतली. देवाने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही का, असा कुराणाचा प्रश्न कानी येताच त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज जे म्हणतो, त्याहून हे फार दूर नाही.

आपल्या दोन्ही धर्मांतील फरक झाकण्याचे कारण नाही. ख्रिस्ताने क्रूसावर आपल्या पापांचे मोल दिले आणि धर्मगुरूंच्या द्वारे आपल्याला क्षमा मिळते, अशी आपली श्रद्धा आहे. इस्लामला हे मान्य नाही. तेथे माणूस थेट देवापुढे उभा राहतो. तरीही दयाळू एकमेव देवाची उपासना करणाऱ्या मुस्लिमांकडे आदराने पाहावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी आपल्याला शिकवले.

चौथी गोष्ट आपल्याकडेही आहे. वेदीपाशी आलेल्या माणसाला भावाची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला प्रभू सांगतो. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. चोरलेले परत करावे, कुणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून द्यावी, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही सांगते. पापनिवेदनाने देवाच्या घराचे दार आपल्याला उघडते. पण दुखावलेल्या माणसाच्या दारापर्यंत आपल्यालाच चालत जावे लागते.

पुढच्या पापनिवेदनापूर्वी आपण प्रत्येकाने एक नाव आठवू या. तो माणूस क्षमा करील की नाही, हे आपल्या हाती नाही. त्याच्या घराच्या दिशेने वीतभर तरी पुढे जाणे आपल्या हाती आहे. ती सद्बुद्धी दयासागर परमेश्वराने आपल्याला द्यावी.